लहानपणापासून मातीत आहे, एमएमएसाठी कुस्ती विसरायची का?

प्रश्न : नमस्कार सर, वय २०, गाव कराडजवळ. दहाव्या वर्षापासून तालमीत आहे, जत्रेतल्या बऱ्याच कुस्त्या मारल्यात. आता पुण्यात कॉलेजला आलोय आणि सहा महिने एमएमएच्या (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या मिश्र लढतीच्या) क्लासला जातोय. तिथली पोरं म्हणतात बेस, म्हणजे एकाच कलेचा पाया वगैरे जुनं झालं, आता सगळं एकत्रच शिकायचं असतं, तुझी कुस्ती विसर. वस्ताद म्हणतात कुस्ती सोडलीस तर हातात काहीच राहणार नाही. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, कराड

उत्तर : वस्तादांचं ऐक, पण अर्धंच.

बेस कुठे दिसतो सांगतो. दुसरा राउंड चालू आहे, दम लागलाय, नाकातनं रक्त येतंय, कोपऱ्यातनं कोच काय ओरडतोय ते कळत नाहीये, तेव्हा अंग आपोआप जे करतं ना तो तुझा बेस. तू पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला घुसणार, बॉक्सर जॅब म्हणजे सरळ ठोसा टाकणार, मुए थाईवाला (थायलंडची लाथा-गुडघ्यांची कला) गुडघा मारणार. सगळं थोडं थोडं शिकलेलं पोरगं नेमकं तिथे एक सेकंद विचारात पडतं आणि तेवढ्यात ठोसा बसलेला असतो.

आता तुझ्या क्लासमधली पोरं अगदीच चूक आहेत असं नाही हां. १९९३ मध्ये डेन्व्हरला पहिली यूएफसी (एमएमएची सगळ्यात मोठी स्पर्धा) झाली तेव्हा एकाच कलेवर भागायचं, रॉइस ग्रेसीने नुसत्या जिउजित्सूवर (जमिनीवर गळा-सांधे आवळून हरवायची कला) एका रात्रीत तिघांना टॅप करायला, म्हणजे हार मानायला लावलं, त्यातला एक बॉक्सर तर एकाच हातात ग्लोव्ह घालून उतरला होता! आज ग्रेसीचे ते डाव प्रत्येक क्लासमध्ये शिकवतात त्यामुळे तशी मजा राहिली नाही. आणि रोरी मॅकडोनाल्ड शाळेच्या वयातच थेट एमएमए शिकायला लागला आणि २०१५ मध्ये यूएफसीच्या टायटल फाइटपर्यंत गेला, म्हणजे तसंही जमतं. पण वरच्या फळीतली नावं काढून बघ. खबीब दागेस्तानचा, कुस्ती आणि साम्बोवर (रशियातला कुस्तीसारखा प्रकार) वाढलेला, २९ फाइट आणि एकही हार नाही. पेरेरा किकबॉक्सिंगमधून आला आणि यूएफसीत दोन वजनगटांत चॅम्पियन झाला. पाया एकाच गोष्टीचा, बाकीचं नंतर जोडलेलं.

आता वस्तादांचं अर्धंच का ऐकायचं ते माझ्याच फजितीवरून सांगतो. पाच-सहा वर्षं तालीम केलेली, अंगात मस्ती, तिशीत एका ग्रॅपलिंगच्या (ठोसे नाहीत, नुसती पकड) क्लासला गेलो. समोर कोण तर साठ किलोचं पोरगं, चष्मा काढून बॅगेवर ठेवून आलेलं. दहा सेकंदांत दुहेरी पट काढून पाडला आणि मनातल्या मनात कुस्ती मारली पण. त्याला पाठ टेकल्याचं काहीच नव्हतं, त्यानं खालूनच माझ्या कंबरेला पाय गुंडाळले, कसं कुणास ठाऊक मला उलथवलं, आणि मी सवयीनं पाठ वाचवायला पोटावर वळलो. तालमीत तेच बरोबर, मातीला चिकटून पडलं की वरचा कितीही घिस्सा मारू दे, चितपट होत नाही. इथे ते पोरगं निवांत पाठीवर चढलं, पाय आत अडकवले, हात हनुवटीखाली सरकवला आणि माझ्या डोळ्यांपुढे काजवे. पाच मिनिटांत तीनदा टॅप केलं!

तर तुला विसरायचंय ते एवढंच, पाठ टेकायची भीती. पोटावर वळण्यापेक्षा पाठीवर राहून समोरच्याला पायांत धरलेलं बरं, हे अंगात मुरायला वर्ष तरी जाईल. दुसरं, पट काढताना मान लांब करून घुसू नकोस, मातीत चालून जातं, इथे ती काखेत सापडते आणि गिलोटिन, म्हणजे गळ्याला फास बसतो. आपला भरत खंडारे २०१७ ला शांघायला यूएफसीत उतरला आणि पहिल्याच राउंडला सोंग यादोंगच्या गिलोटिनमध्ये गेला. तिसरं म्हणजे लांगेला (लंगोटाला) हात घालून ओढायची सवय, समोरच्याची शॉर्ट्स धरणं इथे फाऊल आहे, रेफरी हात सोडायला लावेल आणि तुझे अर्धे डाव जागीच गेले, म्हणून काखेतून आणि मानेवरून धरायला आत्ताच शीक.

रितू फोगटचं उदाहरण डोळ्यासमोर ठेव. अख्खं घर पैलवानांचं, वन चॅम्पियनशिप या आशियातल्या एमएमए स्पर्धेत कुस्तीच्या जोरावर २०२१ ची ग्रां प्री फायनल गाठली, आणि तिथे मुए थाईवाल्या स्टॅम्पने तिला ठोशाने नाही तर आर्मबारने (कोपर उलटं ताणायचा डाव) हरवलं. म्हणजे ठोसे-लाथांवर लढणारी पोरगी ग्राउंड, म्हणजे जमिनीवरची लढत शिकून आली होती. जॉर्जेस सेंट-पिएरही तसाच, मूळचा क्योकुशिन कराटेवाला, शाळेत कधी कुस्ती खेळला नाही, पण कॉलेज कुस्तीचा चॅम्पियन असलेल्या कोशेकला २००७ मध्ये खाली पाडून आला.

आठवड्यातले दोन दिवस कुस्तीचे ठेवच, शक्यतो मॅटवर. बाकी दिवस बॉक्सिंग आणि ग्राउंड. आणि तोंडावर ठोसा आला तरी डोळे उघडे ठेवायची प्रॅक्टिस कर, पैलवानांचं घोडं तिथेच अडतं.

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, मोबाइलवर फाइट्स बघून एमएमएचा क्लास लावा म्हणून मागे लागलाय. लावू का?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, एमएमए सध्या राहू द्या. ज्युदो, कुस्ती, कराटे, घराजवळ ज्याचा शिकवणारा चांगला तो क्लास लावा. रोंडा राउझी आधी ज्युदोत ऑलिंपिकचं ब्राँझ घेऊन आली, यूएफसी नंतर. आपली पूजा तोमर वुशू या चिनी युद्धकलेतून आली आणि २०२४ मध्ये यूएफसीची फाइट जिंकली. क्लास बघायला जाल तेव्हा न सांगता जा आणि तासभर बसा. पोरं पडायचं कसं ते शिकतायत का बघा, आठ वर्षांच्या मुलांना एकमेकांच्या डोक्यावर मारायला लावत असतील तर फी विचारायच्या भानगडीत न पडता चपला घाला आणि परत या.