मालकाच्या अंगणात गाडी उघडण्याआधी

लातूर, रविवार

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तू फार चिडलेला होतास, म्हणून मी नुसतं ऐकून घेतलं. आता हे निवांत वाच. कंपनीत कायम झालास, बजाजनगरात खोली घेतलीस, बोनसमधून जुनी अल्टो घेतलीस. आणि रविवारी बॉनेट उघडलं की मालक गॅलरीतून ओरडतात, "इथं गॅरेज मांडायलास का रे?" तुला ते लागलं. आयटीआयच्या फिटर ट्रेडला दोन वर्षं तुझ्या हाताला मी वळण लावलंय. स्वतःची गाडी स्वतः नीट ठेवणाऱ्या पोराला कुणी उपद्रवी म्हटलं तर मलाही लागतं.

पण मालक नाही म्हणाले म्हणून पाना ठेवून देऊ नकोस आणि त्यांच्या नाकावर टिच्चून गाडीही उघडू नकोस. मी एकदा दुसरी चूक केली होती. ती आधी सांगतो.

१९९८ साली मी तिकडेच, सिडकोत भाड्यानं राहत होतो. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. जुनी मारुती ८०० घेतली होती. मालक दोनदा नको म्हणाले होते. एका रविवारी ते गावाला गेले आणि मी अंगणात ऑइल बदलायला काढलं. चेंबरचा बोल्ट सुटला तशी धार ताटलीच्या बाहेर गेली आणि शहाबादी फरशीवर परातीएवढा काळा डाग पडला. घाबरून मी संडास धुवायचं ॲसिड आणून ओतलं. फरशी खदखदली, पांढरा फेस आला. फेस ओसरला तेव्हा डाग तिथंच होता आणि भोवतालची घोटीव फरशी खरबरीत, पांढरट होऊन बसली होती.

शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. तो तेल पिऊन घेतो आणि ॲसिड त्याला खाऊन टाकतं. बॅटरीतल्या ॲसिडच्या पाण्याचे थेंब पडले तरी हेच होतं. मला हे ठाऊक असायला हवं होतं. मालकीणबाई मला काही बोलल्या नाहीत. पण दरवर्षी त्या त्याच जागी कुरडया वाळत घालायच्या, त्या वर्षी गच्चीवर घालायला लागल्या. साठीच्या त्या मावशी चिकाचं गरम पातेलं फडक्यानं धरून एक-एक पायरी चढत होत्या. मी धावत जाऊन पातेलं घेतलं, पण मान वर करवेना. अकरा महिने संपले तेव्हा मालकांनी करार पुढं वाढवला नाही. मी एका शब्दानं भांडलो नाही.

तेव्हापासून मला वाटतं, मालकाचा राग गाडीवर नसतो. ही गाडी किती दिवस उघडी पडणार आणि आपल्या जागेवर काय मागं ठेवून जाणार, हे त्याला ठाऊक नसतं. त्याची त्याला भीती असते. तुझे मालक कंपनीतून निवृत्त झालेले आहेत म्हणालास. आलेल्या पैशातून बांधलेलं घर आहे. शेजारच्याची तक्रार त्यांच्या कानावर येते, तुझ्या नाही. एवढं ध्यानात धरून बोलायला जा.

जाण्याआधी तुझा करार काढून वाच. फोनवर तू "कायद्यानं बघून घेतो" म्हणालास, म्हणून सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. कलम २९ प्रमाणे रागाच्या भरात पाणी किंवा वीज तोडता येत नाही. हे तुझ्या बाजूनं. पण तुझा करार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठराविक मुदतीपुरत्या राहायच्या परवानगीचा आहे. मुदत संपली की कलम २४ प्रमाणे जागा सोडावी लागते आणि अडून बसलास तर दुप्पट दरानं भरपाई लागू शकते. म्हणजे आज तू वाद जिंकलास तरी पुढच्या वर्षी सामान तुलाच हलवायचंय. शिवाय तुझ्या करारात जागा राहण्यासाठी दिलीय आणि गाडी लावायला परवानगी आहे. गाडी लावणं वेगळं, खोलणं वेगळं. आणि मित्रांच्या गाड्या तिथं आणू नकोस, फुकट करून द्यायलाही नाही. दोन परक्या गाड्या दिसल्या की गल्लीत धंद्याची बोलवा उठते आणि मग तुझी बाजू घ्यायला कुणी उरत नाही.

बोलायला संध्याकाळी जा, चहाच्या वेळी. हात धुऊन जा. "काका, मला तुमच्या अंगणात महिन्यातून एक रविवार, सकाळी नऊ ते बारा पाहिजेत" असं नेमकं माग. काय करणार तेही सांग: ऑइल, एअर फिल्टर, प्लग, बॅटरीची टर्मिनलं. इंजिन उतरवणार नाही, वेल्डिंग नाही, रंग मारणार नाही, ग्राइंडर चालवणार नाही, गाडी रात्रभर उघडी ठेवणार नाही. डाग पडला तर फरशी मी बदलून देईन. हे सगळं कागदावर लिहून दोघांच्या सह्या कर, एक प्रत त्यांच्याकडं दे. तोंडी हो म्हटलेलं शेजारणीच्या एका तक्रारीनं मोडतं. आणि पहिल्या रविवारी त्यांना खाली बोलावून दाखव. कंपनीत आयुष्य काढलेला माणूस आहे, काम नीट चाललेलं त्यांना ओळखता येईल.

पाण्याचं मात्र विचारूच नकोस. गाडी धुवायची असेल तर बाहेर धुवून आण, घरी फक्त ओल्या फडक्यानं पूस. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा मी घागर घेऊन रांगेत उभा होतो. आपल्याकडं माणूस भाडं थकलेलं सोसतो, पण त्याच्या हौदाचं पाणी टायरवर ओतलेलं त्याला सोसत नाही. मला त्यांचं बरोबर वाटतं.

आता कामाचं. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नकोस. जॅक फक्त उचलायला असतो, धरून ठेवायला जॅक स्टँड लागतात, दोन्ही बाजूंना. विटा लावू नकोस. वीट तडकताना आधी आवाज करत नाही, एकदम भुगा होते. तुझ्या अंगणात पेव्हर ब्लॉक आहेत. त्यावर जॅक ठेवलास तर ब्लॉक एका बाजूनं खचतो आणि जॅक तिरका होतो. म्हणून खाली जाड लाकडी फळी, फूटभर रुंद. पुढची बाजू उचलायची तर मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लाव, हँडब्रेक ओढ, पहिला गिअर टाक. स्टँडवर टेकवल्यावर गाडी बाजूनं दोन्ही हातांनी ढकलून बघ. हलली तर परत उतरव. आणि एकटा असलास तर चाकं जमिनीवरच राहू देत, त्या दिवशी प्लग साफ कर. रुममेट नाइट शिफ्टवरून येऊन झोपला असेल तर पुढच्या रविवारी कर. हा नियम मोडलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही, हे मनापासून लिहितोय.

ऑइल गरम असताना बोल्ट सोडू नकोस आणि अगदी गार असतानाही नको. गाडी पाच मिनिटं चालू ठेव, मग पंधरा मिनिटं थांब, म्हणजे ऑइल पातळ होऊन नीट खाली येतं आणि हातही भाजत नाही. गाडीखाली वाढदिवसाचा जुना फ्लेक्स अंथर, त्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर रुंद टब. बोल्टचा शेवटचा आटा आतल्या बाजूला दाबून धरत सोड आणि मग झटकन बाजूला घे, धार मनगटावर येत नाही. वायसर नवा टाक, जुनाच लावलास तर दुसऱ्या दिवशी खाली थेंब दिसतात आणि त्या थेंबांवरूनच मालकांची बोलणी सुरू होतात.

तरी सांडलंच तर पाणी मारू नकोस, ॲसिड तर नकोच. लाकडाचा भुसा किंवा चुलीची राख जाडसर पसर, पायानं दाब, रात्रभर राहू दे. सकाळी झाडून घे, मग धुण्याची पावडर आणि ब्रश.

जळकं ऑइल तीनेक लिटर निघेल. ते नाल्यात किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नकोस. २०१६ च्या नियमांत ते घातक कचऱ्यात धरलंय. कुणी सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला मागेल, दाराला वाळवी लागू नये म्हणून मागेल. प्रेमानं नाही म्हण. कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडं नेऊन दे, त्यांच्याकडं पिंपात साठवून पुढं जातं. कूलंटही उघडं ठेवू नकोस. चवीला गोड असतं, गल्लीतली कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

ब्रेकचं काम सध्या एकट्यानं करू नकोस. एखाद्या मिस्त्रीच्या हाताखाली दोन रविवार उभा राहा, मग बघू.

आणि एवढं करूनही काका नाही म्हणाले तर? तर नाही. जागा त्यांची आहे. राग धरू नकोस, तोंड फिरवून जाऊ नकोस. गॅरेजवाल्याला विचार, रविवारी त्याचं शेड रिकामं असतं. थोडं भाडं घेईल, नाहीतर दोन तास त्याच्या कामाला हात लावून ते फेड. त्याचे हात बघून तू जे शिकशील ते मला फोनवर शिकवता येणार नाही.

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, जवळ आली आहे. यंदा गाडी घेऊनच शेतात ये. पूजेच्या कोपीशेजारची (कडब्याच्या खोपटाशेजारची) जागा कडक मुरमाची आहे, जॅक खचत नाही. आंबील-भज्जी खाल्ली की उन्हं कलायच्या आत आपण दोघं मिळून पुढचे ब्रेक पॅड बघू. स्टँडचा माझा जुना जोड पोत्यात गुंडाळून ठेवलाय, जाताना तो घेऊन जा. आणि मालकीणबाईंसाठी कुरडयांची पिशवी देणार आहे, ती विसरू नकोस.

तुझे,
सर