जुन्या सेसनाच्या एलेव्हेटरवर रंगाखाली फोड आलेत, घासून परत रंग मारला तर चालेल का?

नाही, प्लीज तसं करू नका. तुम्ही लिहिलंय की विमान सेसना १५० आहे, बरीच वर्षं जुहूला उघड्यावर उभं होतं आणि फोड एलेव्हेटरच्या (शेपटीवरचा हलणारा आडवा भाग, त्याने विमानाचं नाक वर-खाली होतं) मागच्या कडेला रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या ओळीत आलेत. मी एएमई, म्हणजे विमानांची देखभाल करणारा परवानाधारक इंजिनियर आहे, मुंबईतच विमानांवर काम करतो आणि हे वाचून मला आधी आतल्या बाजूची काळजी वाटली. गॅलरीच्या ग्रिलला आपण गंजावरच ऑइलपेंट फासतो तसं इथे चालत नाही.

अ‍ॅल्युमिनियमचा गंज लाल नसतो, पांढरट भुकटी असते आणि ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, म्हणून दोन रिव्हेटच्या मधला पत्रा वर उचलला जातो. म्हणजे तुम्हाला जे बाहेर दिसतंय ते बऱ्याचदा आतून सुरू झालेलं असतं. मागच्या कडेची ड्रेन होल्स, म्हणजे पाणी निघायची भोकं आधी बघा, कोणीतरी रंगाने बुजवलेली असतात आणि मग पावसाचं पाणी, खारी ओल सगळं आतच राहतं. ट्रिम टॅब, म्हणजे एलेव्हेटरच्या मागच्या कडेला असलेली छोटी हलणारी पट्टी, तर नक्की बघा, सेसनाच्या बऱ्याच जुन्या टॅबमधे आत फोम भरलेला असतो, तो पाणी धरून ठेवतो आणि पत्रा आतून खाल्ला जातो, बाहेरून टॅब एकदम चांगला दिसतो.

आता घासण्याचं. हा पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर, काही ठिकाणी त्याहून पातळ. गंज पूर्ण निघेपर्यंत घासलात तर उरणार काय? किती खोलीपर्यंत चालतं ते मॅन्युअलमधे असतं, त्याच्या पुढे गेलं की पत्रा बदलायचा किंवा अख्खा एलेव्हेटरच. वरवरचा डाग असेल तर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा पेपर वापरा, लोखंडी ब्रश किंवा स्टील वूल अजिबात नको, लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि तिथूनच परत गंज धरतो. मग अलोडाइन (गंज रोखणारं रासायनिक लेपन), इपॉक्सी प्रायमर, आणि त्यावर रंग. पुट्टी भरून सपाट करायचा मोह होईल, करू नका.

कारण खरा धोका वजनाचा आहे, आणि रंगाच्या घाईत लोक नेमकं हेच विसरतात. बिजागरीच्या मागे थोडंसं वजन वाढलं तरी एलेव्हेटरचा बॅलन्स जातो आणि वेगात फ्लटर, म्हणजे वाढत जाणारी जोरदार थरथर, सुरू होऊ शकतो, तो सुरू झाला तर शेपटी काही सेकंदांत तुटू शकते, पायलटला सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून शेवटचा रंग वाळल्यावर एलेव्हेटर उतरवून बॅलन्स तपासायचा, आकडा मॅन्युअलच्या मर्यादेत हवा आणि लॉगबुकमधे सहीसकट नोंद हवी. रंगवणारा "एवढ्याशा रंगाने काय होतंय" म्हणाला तरी ऐकू नका.

पुष्पकसारखं (एचएएलचं जुनं छोटं विमान) कापडाचं विमान असतं तर गोष्ट वेगळी, तिथे स्टीलच्या नळ्या आतून गंजतात आणि कापड काढल्याशिवाय नीट कळत नाही. तुमच्या केसमधे हे सगळं तपासून होईपर्यंत विमान उडवू नका, आधी टॅब काढून हलवून बघा, आत काही खुळखुळलं किंवा भुकटी पडली तर तो टॅब परत लावू नका.