दहा वर्षांनी परत लिनक्स, सुरुवात कुठून करू?

प्रश्न: नमस्कार सर, मी २०१२ ते २०१५ सेंटओएस ६ (लिनक्सचाच एक प्रकार) वर सर्व्हर सांभाळायचो, मग टीम लीड झालो आणि टर्मिनल सुटलंच. आता कंपनीने आरएचसीएसए (रेड हॅटची लिनक्स अ‍ॅडमिनची परीक्षा) करायला सांगितलंय, हातात दीड महिना आहे. रोज रात्री व्हिडिओ बघतो, बघताना सगळं कळतं पण स्वतः टाइप करायला बसलो की काही सुचत नाही, बोटं अजून आयएफकॉन्फिगच (नेटवर्कची जुनी कमांड) टाइप करतात. पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेऊ का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: पुस्तक नको, आणि व्हिडिओ पण आजपासून बंद करा. ही परीक्षा ३ तास मशीनवर बसून काम करायची आहे, ३०० पैकी २१० लागतात, आणि तुम्ही केलेलं सगळं रीबूट नंतर टिकलं तरच मार्क. त्यामुळे सराव पण तसाच करायचा, प्रत्येक गोष्ट केली की रीबूट मारायचा आणि बघायचं राहिलीय का. सराव करताना माझं फायरवॉलडीमध्ये (लिनक्सची फायरवॉल) उघडलेलं पोर्ट दर वेळी गायब व्हायचं कारण कमांडमध्ये परमनंट हा पर्याय लिहायचं राहायचं, चार वेळा रीबूट करून पाहिल्यावर ते हातात बसलं ते कायमचं.

युजर, परमिशन, व्हीआय (एडिटर), क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं चालवणारं) तुम्हाला दोन संध्याकाळीत परत येईल, त्यात फार बदल नाही. बदल झाला तो २०१४ ला आरएचईएल ७ (रेड हॅटचं लिनक्स) सोबत सिस्टिमडी (बूट आणि सर्व्हिस सांभाळणारं) आलं तेव्हा, म्हणून सिस्टिमसीटीएल (सर्व्हिसची कमांड), एनएमसीएलआय (नेटवर्कची कमांड) आणि फायरवॉलडीला जास्त वेळ द्या.

आता एक काम आज रात्रीच करा. व्हीएमला (व्हर्च्युअल मशीन) २ जीबीची जादा डिस्क जोडा, त्यावर एक्सएफएस फाइलसिस्टिम करा, ब्लकआयडी कमांडने यूयूआयडी (डिस्कचा ओळख क्रमांक) काढून एफएसटॅबमध्ये (बूट होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची फाइल) ओळ टाका, आणि त्यातला एक अंक मुद्दाम चुकवून रीबूट करा (आधी स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची आत्ताची स्थिती जपून, घ्या हां). मशीन दीड मिनिट त्या डिस्कची वाट बघत थांबेल आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये रूटचा पासवर्ड मागेल. घाबरू नका, पासवर्ड टाका, एफएसटॅब उघडून अंक नीट करा, सेव्ह होत नसेल तर रूट फाइलसिस्टिम रीड-राइट करून रिमाउंट करा, परत रीबूट. हे तीनदा केलंत की परीक्षेत मशीन बूट झालं नाही तरी हात थरथरणार नाहीत, आणि एफएसटॅबला हात लावला की रीबूटच्या आधी माउंट मायनस ए (एफएसटॅबमधलं सगळं जोडून बघणारी कमांड) मारायची सवय आपोआप लागेल. एलव्हीएम (डिस्कचे लहानमोठे करता येणारे भाग) पण असंच, बनवा, वाढवा, पुसा, परत बनवा. फक्त एक्सएफएस वाढवता येतं, लहान करता येत नाही हे डोक्यात ठेवा.

सेंटओएस ७ चा सपोर्ट जून २०२४ ला संपलाय, जुनी आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) पडून असेल तर ती वापरू नका. रेड हॅटचं डेव्हलपर सबस्क्रिप्शन वैयक्तिक वापराला फुकट मिळतं, नाहीतर अल्मा किंवा रॉकी लिनक्स (आरएचईएलसारखीच, फुकट) घ्या, पण तुमची परीक्षा ज्या व्हर्जनवर आहे तीच व्हर्जन टाका.

आणि कमांड पाठ करत बसू नका. परीक्षेत इंटरनेट नसतं पण मॅन पेज (मशीनवरचीच कमांडची माहितीपानं) असतात. सेमॅनेज-पोर्टचं (एसईलिनक्स या सुरक्षा व्यवस्थेत पोर्टला परवानगी देणारी कमांड) मॅन पेज उघडा, कॅपिटल जी दाबून तळाला जा, तिथे उदाहरणात अख्खी कमांड लिहिलेली आहे, फक्त पोर्ट नंबर बदलायचा. एनएमसीएलआयला तर एनएमसीएलआय-एक्झाम्पल्स नावाचं वेगळं मॅन पेजच आहे.