संघ जिंकतोय, मग छातीत धडकी का भरते?

‘हरत होते तेव्हा बरा होतो हो. आता जिंकायला लागलेत, तर डोळ्याला डोळा लागत नाही.’

मी समुपदेशक. हे वाक्य थोड्याफार फरकाने माझ्या कानावर सारखं येत असतं. ऑक्टोबर आला की अमेरिकेतल्या बेसबॉलवेड्या मराठी घरांतून येतं, क्रिकेटचा विश्वचषक सुरू झाला की पुण्या-नाशकातून. विचारणाऱ्याला थोडी लाजही वाटत असते. मुलं मोठी झाली, नोकरीतून निवृत्त झालो आणि एका खेळापायी रात्र जागतोय, हे सांगायचं तरी कसं? अशा सगळ्यांसाठी एका गृहस्थांची हकिगत सांगते. त्यांची ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत. सामने मात्र घडले तसेच आहेत.

गृहस्थ सत्तरीला टेकलेले, निवृत्त इंजिनियर. १९८१ साली नोकरीसाठी शिकागोला आले आणि रिग्ली फील्डपासून चालत जाता येईल अशा घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहिले. त्या मैदानावर तेव्हा दिवे नव्हते. ते लागले ऑगस्ट १९८८ मध्ये, त्यामुळे कब्ज या शिकागोच्या बेसबॉल संघाचे घरचे सामने दुपारीच व्हायचे. खालच्या मजल्यावरच्या वृद्ध पोलिश घरमालकांनी या एकट्या मुलाला शेजारी बसवून खेळ शिकवला आणि पेन्सिलीने स्कोअरकार्ड भरायलाही शिकवलं. त्यात प्रत्येक खेळाडूच्या जागेला क्रमांक असतो: चेंडू फेकणारा पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड ४, थर्ड ५, शॉर्टस्टॉप ६. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून सेकंडला दिला, तिथून तो फर्स्टला गेला आणि दोघे बाद झाले, की चौकटीत लिहायचं ६-४-३. संघाचं शेवटचं जेतेपद १९०८ सालचं होतं आणि १९४५ नंतर वर्ल्ड सीरीज, म्हणजे सात सामन्यांची अंतिम मालिका, गाठताच आली नव्हती. घरमालक नव्वदच्या दशकात वारले. दर मोसमाच्या शेवटी ते म्हणायचे, ‘पुढच्या वर्षी.’

२०१६ साली कब्जने साखळीत १०३ सामने जिंकले आणि त्याच ऑक्टोबरात हे गृहस्थ माझ्याकडे आले. डॉजर्स संघाविरुद्ध लागोपाठ दोन सामन्यांत कब्जची एकही धाव झाली नव्हती. छातीत धडधड व्हायची, रक्तदाब वर गेला होता. नऊ इनिंगच्या सामन्यातली आठवी सुरू झाली की हे टीव्ही बंद करून गॅरेजमध्ये जाऊन बसायचे आणि बायकोने येऊन निकाल सांगायचा. आधी त्यांना हृदयाची तपासणी करून यायला सांगितलं. हे कोणीही टाळू नये. धडधड मनाची आहे हे आपणच ठरवायचं नसतं.

‘मी पाहिलं की ते हरतात,’ ते म्हणाले.

‘२००३ साली पाहत होतात?’

‘होतो ना. मार्लिन्सविरुद्ध सहावा सामना. ३-० ने पुढे होतो, आठवी इनिंग चालू होती, वर्ल्ड सीरीज गाठायला पाच आउट हवे होते. त्याच इनिंगमध्ये आठ धावा गेल्या.’

‘आणि १९८४?’

‘तेव्हा पुण्यात होतो, वडील आजारी होते. पाद्रेसविरुद्ध पहिले दोन जिंकले आणि पुढचे तिन्ही हरले. मला पत्राने कळलं.’

‘म्हणजे तुम्ही पाहिलं नाही, तरीही हरले.’

ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘ते कळतं हो मला. इंजिनियर आहे मी.’

प्रश्न तिथेच होता. पटलेलं असूनही सुटत नाही, अशी समजूत सहसा काहीतरी काम करत असते. आपल्या हातात काहीच नाही हे सोसत नाही, म्हणून माणूस ठरावीक खुर्ची धरतो, टोपी उलटी घालतो, गॅरेजमध्ये जातो. २००३ साली त्याच इनिंगमध्ये उडालेला एक चेंडू पकडायला हात पुढे केला म्हणून एका साध्या प्रेक्षकाला लोकांनी वर्षानुवर्षं छळलं. त्याच इनिंगमध्ये शॉर्टस्टॉपच्या हातून सोपा चेंडू सुटला होता आणि पिचर थकला होता, पण लोकांना गुन्हेगार हवा होता. या गृहस्थांनी तो स्वतःतच शोधला होता.

क्लीव्हलंडविरुद्धच्या वर्ल्ड सीरीजमध्ये कब्ज १-३ ने मागे पडले. त्या शनिवारी रात्री हे गृहस्थ गाढ झोपले. रविवारी पाचवा सामना ३-२ असा जिंकला आणि झोप पुन्हा उडाली. सोमवारी ते समोर बसले तेव्हा हरले तर काय, हे मी विचारलंच नाही. ते त्यांना तोंडपाठ होतं. मी विचारलं, ‘जिंकले तर काय होईल?’

बराच वेळ उत्तर आलं नाही. मग खालच्या मानेने म्हणाले, ‘जिंकले, तर घरमालकांशिवाय जिंकले. पुढच्या वर्षी म्हणायला काही उरणार नाही.’

‘त्यांनी तुमच्याकडे जेतेपद मागितलं होतं का?’

‘नाही.’ आणि पहिल्यांदाच हसले. ‘पेन्सिलीला टोक करून ठेव, एवढंच सांगायचे.’

या उत्तराचं मोल मला फार वाटतं. भावनेच्या मागे उभा असलेला हट्ट शोधावा, या विचारपरंपरेत मी घडले आहे. संघ जिंकावा ही इच्छा माणसाला उत्साह देते. त्यांच्यासाठी तरी जिंकायलाच हवं, हा हट्ट झोप घालवतो. पण हा हट्ट नुसत्या तर्काने हलला नसता. त्याच्या आत न केलेला शोक होता आणि घरमालकांना जे मिळालं नाही ते आपल्याला मिळेल याची अपराधी भावना होती. ती बोलली गेल्यावर हट्ट आपोआप सैल झाला. नंतर बोलता बोलता समजलं की २००३ सालचं ते स्कोअरकार्ड आठव्या इनिंगपाशी अर्धवट सुटलं होतं. त्यानंतर त्यांनी एकही भरलं नव्हतं.

मग स्कोअरकार्डच पुन्हा भरायचं ठरलं. बेसबॉलच्या सामन्याला वेळेची मर्यादा नाही, समोरच्या संघाचे सहसा २७ आउट मिळेपर्यंत तो संपत नाही आणि दोन चेंडूंमधल्या रिकाम्या वेळात मन पुढे धावतं. हातात पेन्सिल असली की ते पडलेल्या चेंडूपाशी राहतं. बाकीचे नियम साधे होते. रक्तदाबाची गोळी सामन्यापूर्वी ठरल्या वेळी घ्यायची. दुपारी चारनंतर कॉफी नाही. जेवण पहिल्या चेंडूआधी. इनिंग बदलताना दोन-तीन मिनिटं मिळतात, तेव्हा उठून पाणी प्यायचं आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा. फोन दुसऱ्या खोलीत, कारण घाबरलेल्या वीस जणांचे संदेश वाचून कोणी शांत होत नाही. आठव्या इनिंगला खुर्ची सोडायची नाही.

सहावाही जिंकून कब्जने बरोबरी साधली. सातवा, निर्णायक सामना २ नोव्हेंबरला झाला. आठव्या इनिंगमध्ये दोन आउट झालेले असताना क्लीव्हलंडच्या राजाय डेव्हिसने होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखा फटका, मारून ६-६ अशी बरोबरी केली. ‘हात थरथरत होता, पण लिहिलं,’ असं त्यांनी नंतर सांगितलं. नवव्यानंतर पावसाने १७ मिनिटं खेळ थांबला. एरवी ही मिनिटं फार वाईट जातात, कारण टीव्हीवर तोच होमरन परत परत दाखवतात. त्यांनी आवाज बंद केला, घरात फेऱ्या मारल्या आणि बायकोला घरमालकांबद्दल सांगितलं. तिलाही ते सारं माहीत नव्हतं. दहाव्यात कब्जने दोन धावा केल्या, क्लीव्हलंडने एक. शेवटचा आउट थर्डकडून फर्स्टकडे. त्यांनी ५-३ लिहिलं आणि ते हमसाहमशी रडले.

पुढच्या आठवड्यात आले ते रिकामपण घेऊन. ‘आनंद झाला, पण चारच दिवस टिकला. काही चुकतंय का?’ काही चुकत नव्हतं. पस्तीस वर्षांची वाट पाहणं ही सोबत असते, ती संपली की घर सुनं वाटतंच. त्या दिवसांत शिकागोकर रिग्लीच्या विटांच्या भिंतीवर खडूने आपल्या गेलेल्या माणसांची नावं लिहीत होते. हे गृहस्थ तिथे जाऊन घरमालकांचं नाव लिहून आले. मग घरमालकांच्या मुलीला त्यांनी स्कोअरकार्डची प्रत पाठवली.

घरच्यांसाठी थोडं. ‘खेळच तर आहे’ असं म्हणू नका. ते त्याला माहीत असतं, आणि तरीही होतंय म्हणून तर तो शरमलेला असतो. त्याऐवजी विचारा की पहिला सामना कोणाबरोबर पाहिला होता. हरल्या रात्री विश्लेषण नको, ते सकाळी होऊ द्या. त्या रात्री दारू आणि गाडी दोन्ही टाळा. सामना चालू असताना छातीत दुखलं, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे गेलं, दम लागला किंवा घाम फुटला, तर इनिंग संपायची वाट न बघता तातडीची वैद्यकीय मदत बोलवा. आणि मोसम संपून दोन आठवडे झाले तरी भूक, झोप आणि माणसांत मिसळणं जागेवर आलं नसेल, तर कारण बहुधा खेळापलीकडचं आहे. मग समुपदेशकाची वेळ घ्या.