बुद्धिबळ टुर्नामेंटमधल्या गेम इंजिनवर (चाली तपासणाऱ्या प्रोग्रामवर) टाकून बघतो, तरी त्याच चुका परत होतात. स्वतःची गेम अनालाइज करायची तरी कशी?

तुम्ही जे करून राहिले तेच मी तीन-चार वर्षं केलं. गेम झाली की परतीच्या एसटीत बसल्या बसल्या मोबाईलवर टाकायची, स्टॉकफिश नावाचं इंजिन सांगणार ही चाल चूक, ही घोडचूक, आपण "अरे हो ना" म्हणायचं आणि मोबाईल खिशात. यालाच मी अनालिसिस समजत होतो.

मी दारव्हा तालुक्यातला, घरी कापूस आन् तूर, कोच वगैरे भानगड नाही. गावात बुद्धिबळ म्हणजे पानठेल्यावरचं देशी, तिथं प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जाते. (नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये बातुमीला महिलांचा वर्ल्डकप जिंकला तेव्हापासून नागपूरला बुद्धिबळ खेळायला चाललो म्हटलं की कोणी हसत नाही, तेवढी सोय झाली.)

एक गेम सांगतो, पट असेल तर मांडून बघा. नागपूरची रेटिंग टुर्नामेंट, प्रत्येकाला ९० मिनिटं आणि दर चालीला जादा ३० सेकंद. शेवटी पटावर पाचच मोहरे. माझा राजा एफ४, हत्ती ई४, प्यादं ई२. समोरच्याचा राजा एफ६, हत्ती ई६. मी पांढरा, चाल माझी, हत्ती समोरासमोर. मी विचार केला की आपण कशाला मारायचं, त्यालाच मारू दे, मग माझा राजा फुकटात ई४ वर येईल, तोवर प्यादं एक घर सरकवून ठेवू. खेळलो ई३. त्यानं हत्ती मारला, मी राजानं परत मारला, आणि त्याचा राजा ई६ वर येऊन माझ्यासमोर उभा राहिला. आता प्यादं माझ्याच राजाच्या पाठीला अडकलेलं, हलवायला राजाशिवाय काही नाही, मी डावीकडं गेलो की तो डावीकडं, उजवीकडं गेलो की उजवीकडं. बरोबरी. अर्धा पॉइंट गेला.

त्या रात्री मोबाईलला चार्जिंग नव्हती म्हणून इंजिन लावलंच नाही, वहीत हातानं लिहिलं, "वेळ कमी होता, समोरच्यानं चांगला डिफेन्स केला." दुसऱ्या दिवशी ठेल्यावर पट मांडून काकांना दाखवत होतो, त्यांना कॅसलिंगही माहीत नाही बरं का, की बघा काका, मी मारलं असतं तरी राजा ई४ वरच आला असता, मग फरक काय पडला? काका सुपारी कातरता कातरता म्हणाले, "अरे पण बाबू, मंग चाल कोनाची होती?"

झालं, तिथंच सापडलं. मी आधी मारलं असतं तर त्याच्या राजानं परत मारलं असतं, मी ई४ वर आलो असतो आणि चाल त्याची, म्हणजे बाजूला त्याच्या राजाला व्हावं लागलं असतं. आणि समजा त्यानंच आधी मारलं असतं तरी प्यादं ई२ वर असतं तर ई३ ही एक चाल माझ्या खिशात होती, त्यावर डाव जिंकलाच होता. ती चाल मी अगोदरच उडवून बसलो. नंतर लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर टेबलबेस बघितलं (सात मोहऱ्यांपर्यंतच्या सगळ्या पोझिशन त्यात पक्क्या सोडवलेल्या आहेत, आणि फुकट आहे), ई३ च्या आधी जिंकलेला डाव, ई३ नंतर बरोबरी.

आता वहीतलं "वेळ कमी होता" बघा. मी स्कोअरशीटवर (चाली लिहायच्या कागदावर) चालीशेजारी घड्याळातला वेळ लिहितो, त्याला परवानगी असते. ई३ च्या वेळी माझ्याकडं ११ मिनिटं होती आणि त्या चालीवर मी २० सेकंदही घातले नव्हते. म्हणजे वहीत मी स्वतःशीच खोटं बोललो होतो, आणि नुसतं इंजिन लावलं असतं तर हे कळलंच नसतं, ई३ वर लाल खूण दिसली असती आणि मी "हो ना, एंडगेम कच्चा आहे" म्हणून मोकळा झालो असतो. मग जुन्या स्कोअरशीट काढल्या तर आणखी तीन गेममध्ये हेच, "त्यालाच करू दे". एकीत तर वजिराची अदलाबदल अशीच समोरच्यावर सोडली होती, ती हरलो.

म्हणून इंजिन लावायच्या आधी प्रत्येक महत्त्वाच्या चालीपुढं तेव्हा मनात काय होतं ते लिहा, अगदी बावळटपणाचं असलं तरी, आणि त्याच रात्री लिहा कारण दोन दिवसांनी आठवण आपल्या सोयीची होते. इंजिन दुसऱ्या दिवशी. एका गेमला दोन संध्याकाळ जातात. ओपनिंगच्या पहिल्या आठ-दहा चालींत मी फारसा वेळ घालत नाही, आपल्या लेव्हलला गेम तिथं जात नाही.