दिरेत्लोला नरबळी म्हणू नये

आफ्रिकेच्या दक्षिणेतील आजच्या लेसोथोत, म्हणजे तेव्हाच्या बासुटोलँडमध्ये, माणसाचे मांस औषधासाठी कापून घेण्याकरता झालेल्या ज्या खुनांचा 1940 च्या दशकात ब्रिटिश पोलिसांनी तपास केला त्यांना मराठीत ‘नरबळी’ म्हणावे काय, आणि मूळ शब्द ‘लिरेत्लो’ लिहावा की ‘दिरेत्लो’, असे एका वाचकांनी विचारले आहे.

लेखनाचा प्रश्न किरकोळ आहे. लेसोथोतील लेखनपद्धती फ्रेंच मिशनऱ्यांच्या हातची असून तीत इ आणि उ या स्वरांपूर्वी ‘ल’ लिहितात, पण उच्चारतात ‘द’. मराठीत आपण उच्चार लिहितो, म्हणून दिरेत्लो.

‘नरबळी’ मात्र वाचला की माझे डोके फिरते. बळीला घेणारा लागतो. मनुस्मृतीत ‘बलि’ म्हणजे राजाने रयतेकडून घ्यायचा धान्याचा सहावा भाग, आणि माझ्या मते देवाला दिलेला बळी हा या कराचाच सोवळ्यातला अवतार होय: आधी वसुली, मग पूजा. काही संस्कृतज्ञ हा क्रम उलटा लावतात. लावोत बापडे, काकबळीचा भात पानावरून उचलून अंगणात ठेवताना आपणही कावळ्याचे देणेच फेडत असतो. बासुटोलँडमध्ये असा घेणारा कोणीच नव्हता. तिथल्या सेसोथो भाषेत ‘रेत्ला’ या धातूचा अर्थ कापून तुकडे करणे असा असून दिरेत्लो म्हणजे कापून काढलेले मांस; शब्दात ना देव आहे, ना मरण. ते मांस औषधात मिसळून शिंगात भरायचे आणि त्या शिंगाने तिथल्या सरदाराचे वजन टिकवायचे. शिंग त्याच्या घरीच राहते, कोणाला अर्पण होत नाही.

तपासातही बळीचा नव्हे, कापलेल्या मांसाचाच प्रश्न पुढे येई. प्रेत पुष्कळदा कड्याखाली किंवा ओढ्याकाठी सापडे, जणू माणूस पाय घसरून पडला. तेव्हा गेलेले मांस गिधाडांनी तोडले की सुरीने कापले, एवढे डॉक्टरला सांगावे लागे. पुढचा खटला बहुधा माफीच्या साक्षीदारांवर उभा राही. त्यांच्या साक्षीला स्वतंत्र दुजोरा हवा, आणि आरोपी स्वतः साक्ष द्यायला उभा राहिला नाही हा काही दुजोरा नव्हे, असे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे वसाहतींच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, 1949 मध्ये तुमाहोले बेरेंग खटल्यात बजावले. त्याच वर्षी बेरेंग ग्रिफिथ आणि गाबाशाने मासुफा हे दोन बडे सरदार फाशी गेले. हे सगळे पोलिसांचे कुभांड आहे, असे म्हणणारे बासोथो, म्हणजे तिथले लोकही कमी नव्हते.

इंग्रजी दप्तरात ‘रिच्युअल मर्डर’ असा शब्द दिसतो आणि आपले अनुवादक त्यावरून बेधडक ‘नरमेध’ करतात, जणू कोण्या यज्ञाची वेदी मांडली होती! 1951 मध्ये जी. आय. जोन्स यांचा सरकारी अहवाल निघाला. त्यात 1938 आणि 1946 च्या सुधारणांनी सरदारांचे हक्क आणि न्यायसभा छाटल्यामुळे आलेल्या धास्तीवर बोट ठेवले आहे. धास्तावलेला सरदार देवाचे देणे फेडत नव्हता, आपली गादी सांभाळत होता. महाराष्ट्राच्या 2013 च्या कायद्याच्या नावात नरबळी आहे हे मला ठाऊक आहे, पण कायद्याला जाळे मोठे विणावे लागते. इतिहास लिहिणाऱ्याने ‘दिरेत्लोसाठी केलेला खून’ असे चार अक्षरे जास्त खर्चून लिहावे.