पाणी बदलूनही टँकमधलं नायट्रेट खाली येत नाही, काय करू?

ज्या पाण्याने टँक भरता, ते कधी तपासलंत का? तुम्ही लिहिलंय की दर रविवारी निम्मं पाणी बदलता, फिल्टर धुता, तरी नायट्रेट तपासायचं किट ८०च (मिलिग्रॅम प्रतिलिटर) दाखवतं आणि दुकानदार म्हणतो खाणं कमी घाला, कारण उरलेल्या खाण्यातून आणि माशांच्या घाणीतूनच शेवटी नायट्रेट बनतं. त्या 'खाणं कमी घाला'ने माझं डोकं फिरलं, म्हणून एवढं लिहायला बसले.

आमचं घर सांगलीजवळ, तिन्ही बाजूंनी ऊस. प्यायचं, धुण्याभांड्याचं, सगळं पाणी बोअरचं. माझा टँक १५० लिटरचा, चार गोल्डफिश. मागच्या गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं, काचेवर हिरवं शेवाळ धरलेलं, आणि आमचे धाकटे दीर सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी, तुम्ही माशांनाही आग्रह करकरून वाढता!" सगळे हसले. मीही हसले. रात्री किट काढलं तर ८०. दुसऱ्या दिवसापासून दाणे मोजून घालायला लागले, तीन आठवडे. पाणी बदललं की ६०, पुढच्या रविवारी परत ८०.

मग एकदा बादलीत उरलेलं बोअरचं पाणीच ट्यूबमध्ये घेतलं. रंग थेट ४०चा. उसाला घातलेल्या खतांतलं नायट्रेट जमिनीत झिरपून बोअरमध्ये उतरतं. आता गणित मांडा. ८०चं निम्मं काढून ४०चं ओतलं तर ६०च होणार. आणि बोअरला जे आहे त्याच्या खाली टँक जाणार नाही, रोज बदललंत तरी.

किटच्या रंगावरून भाऊजी ऐकणाऱ्यातले नव्हेत, म्हणून बाटली भरून लॅबला दिली. आलं ५२ मिलिग्रॅम प्रतिलिटर. पिण्याच्या पाण्याला आपल्याकडची मर्यादा ४५ची. तो कागद मी घरी आणला तो निव्वळ भाऊजींच्या हातात ठेवायला. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं तर जाऊ ओट्यापाशी बाळाचं पावडरचं दूध कालवत होती. बाळ तीन महिन्यांचं. पाणी बोअरचंच, यूव्ही फिल्टरमधून काढून वर वीस मिनिटं उकळलेलं. बिचारी किती काळजीने उकळायची.

यूव्हीने नायट्रेट जात नाही. उकळून तर नाहीच नाही, पाणी आटेल तसं ते उलट दाट होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांच्या पोटात ते फार गेलं तर रक्त प्राणवायू नीट वाहून नेत नाही, बाळ निळसर पडतं. आमच्या बाळाला काही झालं नव्हतं, डॉक्टरांना दाखवून आलो. त्याच संध्याकाळपासून बाळाला बाटलीबंद पाणी, आठवड्याभरात घरात आरओ. माशांचा विषय भाऊजींनी पुन्हा काढला नाही. 'वहिनी, तुमचं बरोबर होतं' एवढं म्हणाले असते तरी चाललं असतं.

तर तुमच्या टँकचं. आरओचं निम्मं आणि नेहमीचं निम्मं असं मिसळून घाला. नुसतं आरओ नको, त्यात क्षार उरत नाहीत आणि पीएच कधी कोसळेल सांगता येत नाही. घरच्या मशीनला टीडीएसचा (पाण्यातले क्षार कमीजास्त करायचा) स्क्रू असेल तर त्यातून कच्चं पाणी मिसळत असतं, म्हणून मशीनचं पाणीही एकदा तपासा. पावसाळ्यात पहिले दोन-तीन पाऊस सोडून गच्चीवर बादल्या लावा. मनी प्लांटची मुळं पाण्यात, पानं बाहेर ठेवली की तो चांगलं नायट्रेट ओढतो. गोल्डफिश असतील तर मुळं जाळीत घाला, कुरतडतात. नायट्रेट शोषणाऱ्या पिशव्या दुकानात मिळतात, त्यांत पैसे घालवू नका.

आणि फिल्टर दर रविवारी कशाला धुता? फिल्टर नायट्रेट काढत नाही, तोच ते बनवतो. त्यातले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्राइटचं नायट्रेट. नळाखाली धुतलात तर क्लोरीनने तेच मरतात, मग अमोनिया साठतो आणि त्याने खरोखर मासे मरतात. ८० नायट्रेटने धडधाकट मासा लगेच मरत नाही. झिंगे आणि पिल्लं असतील तर मात्र गोष्ट वेगळी. स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यात पिळा, बास.

किट बाटल्यांचं असेल तर दुसरी बाटली अर्धा मिनिट दणकून हलवा, तळाशी बसलेलं मिसळलं नाही तर आकडा कमी येतो. लॅबच्या कागदावर 'नायट्रेट नायट्रोजन' लिहिलं असेल तर त्या आकड्याला ४.४ने गुणा, म्हणजे नायट्रेटचा आकडा मिळेल. हे वाचणाऱ्या कुणाच्या टँकचं पाणी महिनोन्महिने बदललेलं नसेल तर त्यांनी एकदम निम्मं बदलू नये, रोज दहा-पंधरा टक्के करावं.

राहिलं खाण्याचं. आरओ मिसळायला लागल्यावरही आमचा टँक दर रविवारी ६०ला येऊन अडकायचा. दाणे तर मी मोजून घालत होते. नंतर कळलं, सासरे सकाळी पूजा झाली की एक चिमूट टाकतात आणि मुलगा शाळेतून आला की एक. डबी आता माझ्या कपाटात वरच्या फळीवर असते आणि टँक ३५-४०वर आहे. भाऊजींना हे सांगितलेलं नाही.